प्रार्थनेचं भाडं

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "लंडनमधल्या कुठल्याशा जुन्या वृद्धाश्रमाशी आपलं काय देणंघेणं?" मी त्याला म्हटलं, तू नकळत बरोबर शब्द वापरलास. आज मी बोलणार आहे ते देण्याघेण्याबद्दलच. कोणी दिलं, कोणी घेतलं, आणि घेणाऱ्याने त्याची परतफेड कशात केली.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू या. पूर्व लंडनमध्ये शोरडिचहून किंग्जलँड रोड निघतो आणि नाकासमोर उत्तरेला जातो. रोमनांनी आखलेला रस्ता, त्यामुळे वळणं घेणं त्याला माहीत नाही. आज दोन्ही बाजूंना व्हिएतनामी खाणावळी आहेत, बसगाड्यांची रांग आहे, लंडनच्या त्या भागात असते ती सगळी धावपळ आहे. या गडबडीत एका बाजूला लोखंडी कठडा लागतो. कठड्याच्या आत मोठी जुनी झाडं, हिरवळ, आणि हिरवळीच्या तिन्ही बाजूंनी विटांची बुटकी, दुमजली, एकसारखी घरं. चौथी बाजू रस्त्याकडे मोकळी. आपल्याकडचा चौसोपी वाडा घ्या, त्याचा एक सोपा काढून टाका आणि अंगणात झाडं लावा, साधारण तसं.

कठड्यापाशी उभं राहिलं की नजर आपोआप मधोमध जाते. तिथे घरांची रांग थोडी उंचावते. वर त्रिकोणी माथा, त्याच्यावर घंटेचा छोटा मनोरा. खाली दार. दाराच्या वर भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात उभा एक माणूस. दार चॅपलचं आहे, म्हणजे प्रार्थनामंदिराचं. कोनाड्यात येशू असेल, एखादा संत असेल असं वाटतं. पण तो आहे सर रॉबर्ट जेफ्री नावाचा व्यापारी, लंडनचा एके काळचा लॉर्ड मेयर. देवाच्या दारावर शेटजी उभे आहेत.

याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की यात विसंगत काहीच नाही. त्या इमारतीचा सगळा इतिहास त्या एका कोनाड्यात येतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजीत या संस्थेला आम्सहाउस म्हणतात. आम्स म्हणजे भिक्षा, दान. मी सोयीसाठी वृद्धाश्रम म्हणतोय, पण तो शब्द तंतोतंत बसत नाही. आपल्या डोक्यातला वृद्धाश्रम म्हणजे मुलांनी आईवडिलांना ठेवण्याची जागा, महिन्याची फी भरून. आम्सहाउसमध्ये फी नव्हती. उलट तिथे राहणाऱ्याला राहायला खोली आणि वर थोडे पैसे मिळत. मग संस्थापकाला काय मिळायचं?

मध्ययुगात या प्रश्नाचं उत्तर अगदी रोखठोक होतं. त्याला प्रार्थना मिळायची. माणूस मेला की तो थेट स्वर्गात किंवा नरकात जात नाही, मध्ये आत्म्याला तावून-सुलाखून काढणारी एक जागा असते, अशी त्या काळच्या ख्रिस्ती लोकांची श्रद्धा होती. तिथला मुक्काम कमी व्हावा म्हणून मागे राहिलेल्यांनी प्रार्थना करायची. गरिबांची प्रार्थना देवाला लवकर पोचते असंही मानलं जाई. तेव्हा श्रीमंत माणूस काय करी, तर गरीब म्हाताऱ्यांसाठी घरं बांधी, त्यांच्या पोटाची सोय करी, आणि सनदेत लिहून ठेवी की यांनी रोज चॅपलमध्ये जमून माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. ऑक्सफर्डशरमध्ये यूएल्म नावाचं गाव आहे. कवी चॉसरची नात अ‍ॅलिस आणि तिचा नवरा, सफोकचा अर्ल, यांनी १४३७ मध्ये तिथे असं घर काढलं. तेरा गरीब पुरुषांसाठी. गावच्या चर्चला लागूनच. दिवसातून अनेकदा त्या तेरा जणांनी चर्चमध्ये हजर राहायचं. ही नुसती भक्ती नव्हे, ही ड्यूटी होती. खोलीला भाडं नाही असं आपण म्हणतो, पण भाडं होतं. ते प्रार्थनेत भरायचं होतं.

पुढे इंग्लंडने पोपशी काडीमोड घेतला. १५४७ मध्ये कायदा झाला आणि मृतांसाठी प्रार्थना म्हणायला बसवलेले सगळे निधी सरकारने जप्त केले. ती मधली जागा म्हणे मुळात नाहीच, तेव्हा तिथल्या मुक्कामासाठी पैसे कशाला. धर्मशास्त्राचा प्रश्न सुटला, आणि सरकारी खजिन्याचाही थोडाफार सुटला. पण गंमत बघा. आम्सहाउसं थांबली नाहीत. त्यानंतरही लोक बांधत राहिले, भरपूर बांधत राहिले, आणि मधोमध चॅपलही ठेवत राहिले. फक्त आता संस्थापकाच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणता येत नव्हती. आत्म्याची सोय बंद झाली, तेव्हा उरलं काय? नाव. आठवण. आपण गेल्यावर कोणीतरी आपल्याला रोज पाहावं, ही इच्छा काही कायद्याने जप्त होत नाही. देवळाच्या पायरीवर, पंख्याच्या पात्यावर नाव घालणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

आता जेफ्रीकडे येऊ. जन्म १६१३ चा, कॉर्नवॉलमधला. म्हणजे लंडनच्या दृष्टीने पार टोकाचा, खेड्यातला मुलगा. लंडनला आला, व्यापारात शिरला आणि चढत गेला. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या श्रेणी होत्या, कापडवाल्यांची, मासेवाल्यांची, सोनारांची. त्यातल्या बारा थोर मानल्या जात. जेफ्री आयर्नमंगर्स कंपनीत होता, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीत, बारांमधली ही दहावी. दोनदा तिचा प्रमुख झाला. १६७३ मध्ये सर झाला, १६८५ मध्ये लॉर्ड मेयर.

श्रेणी लोखंडवाल्यांची असली तरी पैसा नुसता लोखंडाचा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीत त्याची गुंतवणूक होती. इथे माझ्या मित्राला त्याचं देणंघेणं सापडेल. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट याच कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. हा आकडा लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागेल.

दुसरी गुंतवणूक रॉयल आफ्रिकन कंपनीत होती. ही कंपनी आफ्रिकेतल्या माणसांना पकडून, विकत घेऊन अटलांटिकपार गुलाम म्हणून विकायची. नुसते शेअर घेऊन जेफ्री थांबला नाही. माणसं वाहून नेणाऱ्या एका जहाजातही त्याची भागी होती. जहाजाचं नाव 'चायना मर्चंट'. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण दोनशे वर्षांहून जास्त काळ या संस्थेच्या गोष्टीत ते कोणी सांगत नव्हतं.

बायको प्रिसिला १६७६ मध्ये गेली. मूलबाळ नव्हतं. जेफ्री स्वतः १७०४ मध्ये वारला, नव्वदी ओलांडून. मृत्युपत्रात त्याने लिहिलं की इतर सगळी देणी भागवून जे उरेल त्यातून जागा घ्यावी आणि गरिबांसाठी घरं बांधावीत. पैसे जितक्यांना पुरतील तितक्यांसाठी. प्रत्येकाला वर्षाला सहा पौंड, आणि झग्यासाठी पंधरा शिलिंग.

आता तो आकडा घ्या. सहा पौंड एका म्हातारीचे. दोन म्हाताऱ्यांचे बारा. म्हणजे किंग्जलँड रोडवरच्या दोन म्हाताऱ्यांना सांभाळायला जेवढा खर्च, त्याहून कमी भाड्यात कंपनीला अख्खी मुंबई मिळाली होती. हा हिशेब शास्त्रशुद्ध नाही हे मला कळतं, राजाला दिलेलं भाडं नाममात्र होतं. तरी तो मनातून जात नाही.

श्रेणीने १७१२ मध्ये शोरडिचला जागा घेतली. तेव्हा ते शहराबाहेर होतं, आजूबाजूला भाजीचे मळे. जमीन स्वस्त, हवा चांगली. १७१४ मध्ये बांधकाम पुरं झालं. चौदा घरं. प्रत्येक घरात चार खोल्या, दोन खाली, दोन वर, मध्ये जिना. एका खोलीत एक पेन्शनर किंवा एक जोडपं. रहिवाशांना तिथे पेन्शनरच म्हणत. पन्नासच्या आसपास माणसं तिथे राहायची. पहिला मान लोखंडवाल्यांच्या श्रेणीतल्या लोकांना आणि त्यांच्या विधवांना होता. हळूहळू बायकांची संख्या वाढत गेली. एकोणिसाव्या शतकात पाहिलं तर तिथे मुख्यतः बायकाच दिसतात, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी मुलं शिकवून म्हातारपणी हात रिकामे राहिलेल्या शिक्षिकाही त्यात होत्या.

यातली एक खोली आज जशी होती तशी बघता येते. चौदा नंबरच्या घराची काळजीपूर्वक दुरुस्ती करून ते २००२ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. एक खोली १७८० च्या सुमाराची लावलीय, दुसरी १८८० च्या. जिना अरुंद आहे, एका वेळी एकानेच चढावा असा. वरच्या खोलीत राहणाऱ्या म्हातारीने कोळशाची बादली कशी आणली असेल, हा विचार पायरी चढताना माझ्या मनात आला. जुन्या खोलीत शेकोटी आहे. तीच ऊब, तीच चूल, संध्याकाळी तोच दिवा. पलंग खोलीतच, जेवायचं टेबल खोलीतच. पाणी बाहेरून आणायचं, संडास बाहेर. शंभर वर्षांनंतरच्या खोलीत सामान वाढलेलं दिसतं, कागद लावलेल्या भिंती, शोभेच्या बारीकसारीक वस्तू. पण खोली तेवढीच. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली ती दार. प्रत्येक खोलीला स्वतःचं दार होतं. आतून लावून घेता येणारं.

हे दार केवढं मोठं होतं ते कळायचं तर दुसरीकडे काय चाललं होतं ते बघायला हवं. १८३४ मध्ये इंग्लंडने गरिबांसाठीचा कायदा बदलला आणि मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये या, असं धोरण आखलं. वर्कहाउसमध्ये शिरताना नवरा-बायकोची ताटातूट व्हायची. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. अंगावरचे कपडे काढून घेऊन तिथला गणवेश. झोपायला ओळीने खाटा. मुद्दामच कठोर ठेवलेलं, म्हणजे लोक यायला बिचकतील. पन्नास वर्षं संसार केलेली म्हातारा-म्हातारी एका भिंतीच्या दोन बाजूंना मरत. अशा काळात किंग्जलँड रोडवरच्या एका खोलीचं दार म्हणजे काय चीज होती, विचार करा.

पण ते दार सगळ्यांना उघडत नव्हतं. 'लायक' गरीब निवडले जात. चारित्र्य चांगलं हवं, शिफारस हवी. आत आल्यावरही नियम होते. रात्री फाटक बंद. दारू पिऊन गोंधळ, शिवीगाळ, चोरी, बदफैली चालायची नाही, नाहीतर खोली सोडा. आणि रविवारी चॅपलमध्ये हजर राहायचं.

चॅपलमध्ये चला आता. लहान आहे. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, भरपूर उजेड. लाकडी बाकं, बाजूंनी बंद, बसणारा आत शिरून दार लावून घेईल अशी. भिंतीवर फलक, त्यांवर दशाज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा मतांगीकार, सोनेरी अक्षरांत. चित्र नाही, मूर्ती नाही. प्रॉटेस्टंट मंडळींचा विश्वास शब्दावर. डोळ्यांनी वाचा, तोंडाने म्हणा. यूएल्मच्या तेरा जणांनी संस्थापकाच्या आत्म्याला शांती मागितली, इथल्या पन्नास जणांनी तसं काही मागायचं नव्हतं. आत शिरलं की जेफ्रीसाठी म्हणण्याची एकही ओळ नाही.

म्हणूनच तो बाहेर उभा आहे. इमारत झाल्यावर नऊ वर्षांनी, १७२३ मध्ये, श्रेणीने जॉन नॉस्ट नावाच्या मूर्तिकाराकडून जेफ्रीचा पुतळा करून घेतला. शिशाचा. लॉर्ड मेयरच्या झग्यात, लांब कुरळ्या टोपासह. आणि बसवला कुठे, तर चॅपलच्या दारावर. म्हणजे दर रविवारी पंधरा शिलिंगांचा झगा घातलेली म्हातारी शिशाच्या झग्यातल्या माणसाखालून वाकत-लंगडत आत जाणार आणि पुन्हा त्याच्याच खालून बाहेर येणार. कायद्याने प्रार्थनेतलं भाडं बंद केलं होतं. ते दुसऱ्या नाण्यात सुरू राहिलं.

मी इथे जेफ्रीची टिंगल करतो आहे असं वाटेल. तसं नाही. पुतळा त्याने स्वतः मागितला नव्हता, तो मरून एकोणीस वर्षं झाली होती. पुतळा श्रेणीने उभारला. दात्याची आठवण जितकी ठळक, तितकी त्याचा पैसा सांभाळणाऱ्यांची पत वाढते. शिवाय पुढचा जेफ्री मनात आला पाहिजे ना. श्रेणीतला एखादा धनाढ्य, निपुत्रिक सभासद त्या अंगणात फिरताना वर बघेल आणि आपल्या मृत्युपत्राचा विचार करेल.

जेफ्री स्वतः मात्र तिथे नव्हता. तो आणि प्रिसिला शहरातल्या सेंट डायनिस बॅकचर्चमध्ये पुरलेले होते. लंडनच्या मोठ्या आगीनंतर क्रिस्टोफर रेनने पुन्हा बांधलेल्या चर्चांपैकी ते एक. पण एकोणिसाव्या शतकात जुन्या शहरातली वस्तीच उठली, राहत्या घरांच्या जागी कचेऱ्या आल्या. चर्चं ओस पडू लागली. १८७८ मध्ये सेंट डायनिस पाडलं. मग नवरा-बायकोचे अवशेष किंग्जलँड रोडला आणले आणि वृद्धाश्रमाच्या छोट्याशा दफनभूमीत पुन्हा पुरले. त्यांची स्मृतिशिळा चॅपलच्या भिंतीवर बसवली. मेल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी संस्थापक आपल्याच आश्रमात दाखल झाला. मला या सगळ्या इतिहासात हा भाग फार आवडतो. ज्यांच्यासाठी घरं बांधली त्यांच्याच ओळीत त्याला जागा मिळाली, आणि तीही चर्च पाडलं म्हणून.

तोवर मळे कधीच गेले होते. शोरडिच म्हणजे पूर्व लंडनचा दाटीवाटीचा भाग. सुतारांची, पॉलिशवाल्यांची, खुर्च्या विणणाऱ्यांची वस्ती. इंग्लंडचा फर्निचरचा धंदा तिथे एकवटला होता. कारखाने नव्हेत, एकेका खोलीतली दुकानं. १८६५ मध्ये आश्रमाच्या मागच्या अंगाने रेल्वेची विटांची कमानदार वाट गेली, तिच्यावरून धूर ओकत गाड्या. ज्या हवेसाठी १७१२ मध्ये तिथे जागा घेतली ती हवाच उरली नाही. श्रेणीच्या मनात हलण्याचा विचार घोळू लागला. शहरातली जागा विकली तर भरपूर किंमत येईल, त्यात बाहेर नवी चांगली घरं बांधता येतील. हिशेब चुकीचा नव्हता. मृत्युपत्रात म्हाताऱ्यांना घरं द्या म्हटलं होतं, याच विटा जपा म्हटलं नव्हतं. पेन्शनर केंटमधल्या मॉटिंगहॅमला गेले, नव्या घरांत. १९७० च्या दशकात तिथूनही उठून हॅम्पशरमधल्या हुक गावी.

जुन्या इमारतीचं पाडकामच व्हायचं होतं, तिथे कामगारांसाठी घरं बांधायचा बेत होता. त्याचीही गरज होतीच, नव्हती असं नाही. पण लोकांनी ओरड केली, आणि ती ओरड इमारतीसाठी जितकी, तितकीच अंगणासाठी होती. त्या सगळ्या भागात मोकळी हिरवळ दुसरी नव्हती. १९११ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने जागा विकत घेतली. मग हस्तकलेच्या चळवळीतल्या मंडळींनी कौन्सिलला गळ घातली की आजूबाजूला एवढे सुतार आहेत, त्यांना जुनं उत्तम काम बघायला मिळेल असं संग्रहालय इथे काढा. १९१४ मध्ये जेफ्री म्युझियम उघडलं. टेबलं, कपाटं, लाकडी भिंतपट, जिन्याचे कठडे.

त्यासाठी एक गोष्ट करावी लागली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. घरांच्या मधल्या भिंती पाडाव्या लागल्या. बाहेरून चौदा घरं दिसतात, आतून लांबच लांब दालन. ज्या खोल्यांच्या दारांबद्दल मी मघाशी एवढा भावुक झालो, ती दारं बहुतेक सगळी गेली. चॅपलला मात्र हात लावला नाही. म्हणजे ज्या खोल्यांमुळे चॅपलला अर्थ होता त्या गेल्या, आणि मधोमध चॅपल तेवढं उरलं. चौदा नंबरचं घर पुन्हा उभं करायला २००२ साल उजाडावं लागलं ते यामुळे.

फर्निचरचा धंदा पुढे त्या भागातून ओसरला. सुतार गेले, मग संग्रहालय कोणासाठी? १९३५ मध्ये मार्जोरी क्वेनेल या बाई प्रमुख म्हणून आल्या. त्यांनी सुट्या वस्तूंऐवजी खोल्या लावल्या, काळाच्या क्रमाने. एका दारातून शिरायचं आणि शतकं ओलांडत पुढे जायचं. त्यांच्यानंतर मॉली हॅरिसन यांनी १९४१ पासून जवळजवळ तीस वर्षं शाळेच्या मुलांना तिथे आणलं, हाताने कामं करायला लावली. संग्रहालयात मुलांनी काही करायचं असतं ही कल्पना तेव्हा नवी होती. आता तिथल्या उपाहारगृहाला त्यांचं नाव आहे. ते उपाहारगृह कोपऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या पबमध्ये आहे, आणि तो पब संग्रहालय पाडायला निघालं होतं. २०१३ मध्ये स्थानिक लोकांनी आणि हॅकनीच्या पालिकेने अडवलं. शंभर वर्षांपूर्वी जी इमारत लोकांनी वाचवली, तिच्याच कारभाऱ्यांना शेजारची इमारत वाचवण्याबद्दल लोकांनी ऐकवावं लागलं. असो.

२०१९ मध्ये संस्थेने आपल्या नावातून जेफ्री काढला. आता ते 'म्युझियम ऑफ द होम', घराचं संग्रहालय. नाव गेलं तरी पुतळा होताच. २०२० च्या उन्हाळ्यात ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा लोकांनी ओढून बंदरात ढकलला, आणि देशभर जो तो आपल्या चौकातल्या पुतळ्याकडे मान वर करून बघू लागला. संग्रहालयाने आणि पालिकेने लोकांचं मत मागवलं. बहुसंख्य म्हणाले, काढा. विश्वस्तांनी ठरवलं, ठेवू. सरकारचा सूरही ठेवण्याचाच होता, आणि अनुदान सरकारचं होतं. फाटकाबाहेर निदर्शनं झाली. पुतळ्याची सगळी कथा सांगणारा फलक लागला. २०२१ च्या अखेरीस विश्वस्तांनीच सांगितलं की पुतळा दारावरून हलवून कमी ठळक जागी ठेवावा, असा आपला कल आहे.

बाजू कोणाची घ्यायची ते तुम्ही ठरवा. मी माझं सांगतो. "इतिहास पुसू नका" असं जे लोक म्हणतात त्यांना मी एकच आठवण करून देईन. त्या कोनाड्यातला पुतळा १७२३ चा नाहीच. श्रेणी मॉटिंगहॅमला गेली तेव्हा नॉस्टने केलेला मूळ पुतळा बरोबर घेऊन गेली आणि रिकाम्या कोनाड्यात नक्कल बसवली. ती १९१२ च्या सुमाराची. मूळ पुतळा नंतर पेन्शनरांबरोबर हुकला गेला. सगळं भांडण झालं ते नकलेवरून.

आणि त्या नकलेच्या कोनाड्याखालून आता एकही पेन्शनर जात नव्हता, ज्यांना त्या व्यापाराचं काही मिळालं होतं असा एकही माणूस जात नव्हता. जात होती ती हॅकनीची शाळेतली मुलं. त्यांतल्या कितीतरी मुलांचे पूर्वज वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत राबलेले. १७२३ मध्ये त्या दाराखालून जाणाऱ्या म्हातारीला निदान खोली मिळाली होती. या मुलांनी ते भाडं कशापायी भरायचं? माझा प्रश्न एवढाच आहे.

तरी पुतळा फोडून टाकावा असं मला वाटत नाही. चौदा नंबरच्या खोलीत, त्या अरुंद जिन्याच्या तळाशी, त्याला उभा करावा. ज्यांना त्याने दिलं त्यांच्या उंचीवर. पण माझं कोण ऐकतो.

एक शेवटचं सांगतो, तिथे जायचा कोणाचा विचार असेल तर उपयोगी पडेल. १८६५ च्या त्या कमानदार वाटेवर २०१० मध्ये हॉक्स्टन नावाचं स्टेशन सुरू झालं. संग्रहालयाचं मोठं काम होऊन २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा त्यांनी मुख्य प्रवेश तिकडे नेला, स्टेशनसमोर, इमारतीच्या पाठीमागून. त्यामुळे आता गाडीतून उतरलं की चार पावलांवर दार, आणि जेफ्रीला न भेटता आत जाता येतं. बहुतेक लोक तसेच जातात. तुम्ही गेलात तर नंतर चॅपलमधून पुढच्या अंगणात या, झाडांखालच्या बाकावर पाच मिनिटं बसा. तिथून तो समोर दिसतो. डाव्या-उजव्या बाजूची दारं मोजा, चौदा भरतील. उघडतात त्यातली थोडीच.